ध्यानाला बसताना सुगंधी तेल वापरावं का?

मृद्गंधा

ध्यानाला बसण्याआधी मी फ्रँकिन्सेन्सच्या (धूपात जाळतात त्या सुगंधी डिंकाच्या) तेलाचा एक थेंब कापसाच्या बोळ्यावर घेते, दोन-तीन सावकाश श्वासांत वास घेते आणि बोळा घट्ट झाकणाच्या डबीत बंद करून ठेवते. मग बसते. याचा मला उपयोग होतो, आणि तो का होतो याबद्दल माझं ठाम मत आहे. ते इथे मांडते, कारण या विषयावर एकीकडे 'तेल लावा, तिसरा डोळा उघडेल' म्हणणारे आणि दुसरीकडे 'सगळं थोतांड' म्हणणारे. मधलं बोलणं फारसं होतच नाही.

ध्यानात सगळ्यात अवघड असतात ती पहिली काही मिनिटं. अंग बसलेलं असतं, डोकं मात्र अजून राहिलेल्या कामांत फिरत असतं. रोज तोच वास, आणि तोही फक्त याच वेळी येणारा, असेल तर आता बसायचंय हे शरीराला न सांगता कळतं. तेल कुठलं हा प्रश्न त्यामानाने दुय्यम. तो वास दिवसभरात दुसरीकडे कुठे भेटत नसावा, हे जास्त महत्त्वाचं. म्हणून मी लॅव्हेंडर घेत नाही. साबणापासून फरशी पुसायच्या द्रावणापर्यंत सगळीकडे तोच असतो.

दुसरा उपयोग श्वासाचा. वास आवडता असला की माणूस आपोआप लांब श्वास घेतो, नावडता असला की आखडता. नवशिक्याला 'श्वासाकडे लक्ष द्या' म्हटलं की तो श्वास ओढायला लागतो, खांदे वर जातात. 'या वासाकडे लक्ष द्या' म्हटलं की श्वास आपसूक खोल आणि संथ होतो. आमच्या ध्यानगटात नव्याने येणाऱ्यांच्या बाबतीत मी हे वारंवार पाहिलंय.

चक्रशुद्धी, कर्मक्षय वगैरे मात्र मी तेलाच्या पदरात टाकणार नाही. तुमचा अनुभव काय? विरोधी मत असेल तर जरूर लिहा.

निरालंब

माझं मत विरोधी आहे. साधनेचा अर्थच मुळी एकेक आधार सोडत जाणं. बाहेरचं काहीही हाताशी नसताना मन जागेवर ठेवता येतं का, एवढंच तर आपण शिकायला बसतो. तिथे आधी बाटली शोधायची, थेंब मोजायचा, वास घ्यायचा, म्हणजे पाय धड असताना कुबडी घेऊन चालायला शिकणं. प्रवासात बाटली विसरली, सर्दीने नाक चोंदलं, की त्या दिवशीची बैठक बिघडणार. ज्या दिवशी ध्यानाची खरी गरज असते त्या दिवशी नेमकं सगळं साहित्य जवळ नसतं.

हे काही माझ्या मनचं नाही. बौद्ध परंपरेत अष्टशील पाळणाऱ्याला सातव्या शीलात माळा, सुगंध आणि विलेपन वर्ज्य सांगितलंय. गीतेच्या सहाव्या अध्यायात ध्यानाला बसायची जागा वर्णन केलीय: शुद्ध जागा, फार उंच नाही फार सखल नाही, दर्भ, मृगाजिन आणि वस्त्र. आसनाचा इतका बारकाईने विचार करणाऱ्याने तिथे गंधाचा उल्लेखही केलेला नाही.

आणि हा 'उपयोग होतो' शब्दप्रयोग जपून वापरावा असं मला वाटतं. छान वाटणं आणि मन स्थिर होणं यात फरक आहे. सुगंधाने छान वाटतं, त्यात वाद नाही. पण छान वाटण्याच्या मागे लागलेलं मन हेच तर आपलं दुखणं.

मृद्गंधा

@निरालंब, सातवं शील नीट पाहिलं तर त्यात नाचगाणं, तमाशे आणि अंगाला नटवणं यांच्या रांगेत सुगंध आहे. तिथला निषेध सजण्याचा आणि चैनीचा आहे. त्याच बौद्ध परंपरेच्या झेन शाखेत बैठकीची वेळ पिढ्यानपिढ्या उदबत्तीवर मोजली गेली. एक उदबत्ती जळून संपली की एक बैठक संपली. म्हणजे गंध तिथे बैठकीचाच भाग होता.

गीतेत उल्लेख नाही हे खरं. पण उल्लेख नाही म्हणजे मनाई आहे, असा अर्थ काढला तर चटई, उशी आणि खुर्चीही सोडावी लागेल.

पतंजलींच्या योगसूत्रांत मात्र गंधाला थेट जागा आहे. पहिल्या पादातलं 35वं सूत्र सांगतं की विषयवती प्रवृत्ती उत्पन्न झाली तर तीही मनाला स्थिर करते. त्यावरच्या व्यासभाष्यात पहिलंच उदाहरण गंधाचं आहे: नासिकाग्रावर धारणा केली, म्हणजे मन तिथे एकाग्र केलं, की दिव्य गंधाची जाणीव होते. इंद्रियातून येणारा अनुभव मनाला बांधून ठेवायला उपयोगी पडतो, हे तिथे मान्य केलेलं आहे.

निरालंब

भाष्य तुम्ही बरोबर सांगितलंत, पण ते माझ्या बाजूने जातं. तिथे आधी धारणा आहे आणि गंध त्यातून उपजतो. बाहेरून कोणी काही हुंगायला दिलेलं नाही. तुम्ही क्रम उलटा केलात: आधी गंध, मग धारणा. धारणेतून आलेला गंध साधकाला सांगतो की मन एकाग्र होतंय. बाटलीतून आलेला गंध एवढंच सांगतो की बाटली उघडली.

उदबत्तीचं म्हणाल तर ती घड्याळ होती. आज घड्याळ आहे.

रेणू

मी रसायनशास्त्राची. गंधद्रव्यांशी रोजचा संबंध आहे. वासाचं यंत्र कसं चालतं ते थोडं लिहिते, मग वाद कशावर आहे ते जास्त स्पष्ट होईल.

माणसाच्या नाकात वरच्या टोकाला साधारण 400 प्रकारचे गंधग्राही आहेत. त्यांच्या जनुकांचा शोध लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991 मध्ये लावला. 2004 चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. पाहिलेलं, ऐकलेलं मेंदूत आधी थॅलॅमसकडे जातं आणि तिथून पुढे वाटलं जातं. गंधाचा संदेश तो टप्पा न घेताच भावना आणि आठवणींशी संबंधित भागांपर्यंत पोचतो. म्हणून वास ओळखू येण्याआधी त्याने काहीतरी वाटलेलं असतं. मृद्गंधाताई म्हणतात तो 'आता बसायचंय' हा संकेत याच वाटेने जातो आणि तो शिकून तयार होतो. तेलात शांतता भरलेली नसते. शांत बसण्याशी तो वास पुन्हा पुन्हा जोडला गेल्यामुळे ती वासासोबत यायला लागते.

याला धरून एक प्रयोग सांगते. ओहायो स्टेट विद्यापीठात 56 निरोगी लोकांना लिंबू, लॅव्हेंडर आणि साधं पाणी यांचे वास दिले आणि ताणाची संप्रेरकं, जखम भरण्याचा वेग वगैरे मोजलं. 2008 मध्ये तो प्रसिद्ध झाला. लिंबाच्या वासाने लोकांची मनःस्थिती सुधारली. ताणाच्या संप्रेरकांत किंवा जखम भरण्यात ना लिंबाने सुधारणा दिसली ना लॅव्हेंडरने. म्हणजे बरं वाटलं हे खरं, पण शरीरातला ताण उतरला असं त्यावरून म्हणता येणार नाही. 'छान वाटणं वेगळं' हा निरालंब यांचा मुद्दा इथे अगदी लागू पडतो.

फ्रँकिन्सेन्सबद्दल तर गोंधळच जास्त. त्याच्या डिंकातल्या बॉस्वेलिक आम्लांचे गुण तेलाच्या बाटलीवर छापलेले असतात. पण ते रेणू जड आहेत. वाफेच्या ऊर्ध्वपातनात वर येत नाहीत, भांड्यात मागेच राहतात. तेलात येतात ते अल्फा-पायनीनसारखे हलके, उडून जाणारे रेणू. 2008 मध्ये उंदरांवर ज्याचा चिंता कमी करणारा परिणाम दिसला ते इन्सेन्सोल ॲसिटेट हे डिंकातून वेगळं काढलेलं द्रव्य होतं. त्या प्रयोगाच्या जोरावर डिफ्युझर (तेलाची वाफ खोलीत सोडणारं यंत्र) विकणं बरोबर नाही. लॅव्हेंडरचंही तसंच: जर्मनीत अस्वस्थतेवर त्याच्या तेलाची 80 मिलिग्रॅमची कॅप्सूल औषध म्हणून मिळते. ती ठरावीक मात्रेत पोटात घ्यायची, प्रमाणित केलेली गोष्ट. तिच्यावरचे निष्कर्ष हवेत उडवलेल्या थेंबांना लावता येत नाहीत, आणि ते वाचून बाटलीतलं तेल कोणी प्यायचं तर मुळीच नाही.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं. नाक कुठल्याही सततच्या वासाला काही मिनिटांत सरावतं. अर्धा तास डिफ्युझर चालू ठेवला तर नंतरचा बराच वेळ तुम्हाला वास येत नसतो, फुप्फुसं मात्र ती वाफ घेतच असतात. बोळा हुंगून डबी बंद करण्याची पद्धत म्हणूनच जास्त शहाणपणाची.

सुगंधयात्री

रेणू यांचं लेखन अभ्यासपूर्ण आहे, पण अशाने विषयाचा आत्माच बाजूला राहतो. गंध आणि उपासना यांचं नातं प्रयोगशाळेच्या कितीतरी आधीचं आहे. बायबलमधल्या निर्गमच्या 30व्या अध्यायात अभिषेकाच्या तेलाची आणि धूपाची कृती दिलीय. गंधरस, दालचिनी, जैतुनाचं तेल, धुपात फ्रँकिन्सेन्स. येशूच्या पायांना जटामांसीच्या जातीचं मौल्यवान तेल लावल्याचा प्रसंग शुभवर्तमानात आहे. एकमेकांपासून इतक्या दूरच्या लोकांना गंधातच पवित्र का वाटलं असेल?

मी भुवयांच्या मध्ये चंदनाचं, हृदयाशी गुलाबाचं आणि पायांच्या तळव्यांना वाळ्याचं तेल लावून बसते. प्रत्येक जागेचा गुण वेगळा जाणवतो. वाळ्याने जमिनीशी घट्ट जोडल्यासारखं वाटतं, चंदनाने कपाळातला ताण ओसरतो. गुलाबाचं स्पंदन तर सगळ्यात उच्च मानलं जातं, 320 मेगाहर्ट्झ. ज्याला याचा अनुभव आला त्याला पुराव्याची गरज पडत नाही. श्रद्धेने केलेल्या गोष्टीला संप्रेरकांच्या तराजूत तोलायचंच कशाला?

रेणू

तुमच्या अनुभवाला मी हात लावत नाही. तळव्यांना वाळ्याचं तेल चोळताना तुम्ही लक्ष डोक्यातून पायांकडे नेता, आणि तेवढ्यानेही स्थिर वाटतं. पण 320 मेगाहर्ट्झ हा आकडा अनुभव नव्हे, ते भौतिकशास्त्रातलं विधान आहे आणि ते चूक आहे. बाटलीतलं तेल शेकडो रेणूंचं मिश्रण असतं. त्याची अशी एकच एक 'फ्रिक्वेन्सी' नसते, आणि त्यावरून पवित्रतेची चढती भाजणी तर लावताच येत नाही. बाटलीवरचे 'थेरप्युटिक ग्रेड' हे शब्दही विकणाऱ्यांनीच तयार केलेले आहेत. असा दर्जा देणारी स्वतंत्र मान्य संस्था नाही. विचारायचंच तर त्या खेपेचा जीसी-एमएस अहवाल (तेलात कोणते घटक किती आहेत ते दाखवणारी तपासणी) आणि वनस्पतीचं लॅटिन नाव विचारा.

श्रद्धेचा आदर आहे म्हणूनच हे लिहिते. 2014 मध्ये इबोलाची साथ चालू असताना आपली तेलं त्यावर चालतात असे दावे झाले आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला विक्रेत्यांना इशारापत्रं पाठवावी लागली. 'स्पंदनं' मान्य केली की पुढचं पाऊल तिकडेच पडतं.

आणि कृपा करून तेल कपाळावर निखळ लावू नका. प्रौढांसाठी 2 टक्के पुरे, म्हणजे 30 मिलिलिटर वाहक तेलात (खोबरेल, बदाम यांसारख्या साध्या तेलात) साधारण 12 थेंब. चेहऱ्यावर त्याहून कमी. निखळ तेलाने त्वचा एकदा संवेदनशील झाली की पुढे त्या द्रव्याची ॲलर्जी कायमची मागे लागू शकते. बर्गमॉटसारखं दाबून काढलेलं लिंबूवर्गीय तेल लावून उन्हात गेलात तर भाजल्यासारखे डाग पडतात.

मृद्गंधा

सुगंधयात्री यांनी निर्गमचा दाखला दिला ते बरं झालं. त्याच अध्यायाच्या शेवटी अशी ताकीद आहे की हा धूप स्वतःच्या सुखासाठी करायचा नाही. करेल त्याला समाजाबाहेर काढावं. शिक्षेचं सोडा, पण त्यामागची दृष्टी मला फार खोल वाटते. तो वास फक्त त्या जागेचा आणि त्या कामाचा राहिला तरच तो माणसाला तिथे घेऊन जातो. सकाळी ध्यानाला, दुपारी कामाच्या टेबलावर आणि रात्री झोपायला तेच तेल वापरलं तर संकेत म्हणून ते निकामी होणार. बाजार नेमकं उलटं शिकवतो: दिवसभर, घरभर, प्रत्येक मूडसाठी.

श्वासमोकळा

ही चर्चा बराच वेळ तेल लावणाऱ्यांच्या बाजूनेच चाललीय. त्याच खोलीत बसणाऱ्यांबद्दल कोणी बोलेल का?

मला दमा आहे. एका निवासी शिबिरात मौन होतं, खिडक्या बंद होत्या आणि पुढे ठेवलेल्या डिफ्युझरमधून निलगिरी आणि आणखी कशाची तरी वाफ सतत येत होती. डोळे मिटून बसलो. थोड्या वेळात घशात खवखव, मग छाती आवळल्यासारखी. बारीक शीळ स्वतःलाच ऐकू यायला लागली. खोकावं तर पन्नास लोकांचं ध्यान मोडणार, उठावं तर सगळ्यांच्या मधून वाट काढावी लागणार. मी खोकला दाबत बसून राहिलो आणि शेवटी अर्ध्यातून उठून बाहेर आलो. नंतर शिकवणाऱ्यांना सांगितलं तर उत्तर मिळालं, 'ही शुद्धी होतेय, विरोध करू नका.' ते वाक्य मी विसरू शकत नाही. माझी श्वासनलिका आकसत होती आणि तिला आध्यात्मिक अडथळा ठरवलं गेलं.

परफ्यूमबद्दल तक्रार केली तर लोक ऐकून तरी घेतात. तेल 'नैसर्गिक' आणि 'पवित्र' असल्यामुळे तक्रार करणाराच अश्रद्ध ठरतो. लिंबूवर्गीय तेलांतल्या लिमोनीनसारखे रेणू हवेतल्या ओझोनशी संयोग पावून फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार करतात, हे रेणू जास्त नीट सांगतील. दम्याच्या, अर्धशिशीच्या माणसाला एवढं पुरतं. फिट्सचा त्रास असणाऱ्यांना तर कापूर, निलगिरी, रोझमेरी यांपासून लांबच राहायला सांगतात.

घरी एकट्याने काय हुंगायचं ते हुंगा. सामूहिक बैठकीत डिफ्युझर नको, यावर माझ्याकडून तडजोड नाही.

रेणू

पूर्ण सहमत. ओझोनचं विधान बरोबर आहे.

त्यात घरातल्यांचीही भर घालते. मांजरांच्या यकृतात फिनॉलवर्गीय द्रव्यं निकामी करणारी यंत्रणा फार दुबळी असते. टी ट्रीसारखी तेलं त्यांना विषारी ठरतात. अंगावर बसलेले सूक्ष्म थेंब ती चाटून पोटात घेतात. तान्ह्या मुलांच्या नाकाजवळ निलगिरी किंवा मेंथॉल नेऊ नये, श्वास अडखळू शकतो. निलगिरीचं तेल लहान मुलाने थोडंसं प्यायलं तरी झटके येऊ शकतात. ध्यानाच्या कोपऱ्यातल्या खालच्या फळीवर उघडी बाटली ठेवायची ही वस्तू नाही.

सांजवेळ

मला वेगळंच सांगायचंय. लॅव्हेंडर 'शांत करणारं' म्हणून सगळीकडे शिफारस होते. माझी आई शेवटच्या आजारपणात होती तेव्हा तिच्या खोलीत रोज लॅव्हेंडर असायचं. औषधांचा वास झाकायला आणि तिला झोप लागावी म्हणून. आता एका योगवर्गात शवासनाच्या वेळी कोणीतरी प्रेमाने उशाशी लॅव्हेंडरचा रुमाल ठेवला आणि मी थेट त्या खोलीत पोचले. सलाइनची नळी, अर्धवट ओढलेला पडदा, तिचा हात. शांत होणं दूरच, मला रडू आवरेना.

शिकवणारीचा काही दोष नव्हता. पण 'हे तेल म्हणजे ही भावना' असे तक्ते पाहिले की मला वाटतं, माणूस काय वास सोबत घेऊन आलाय हे विचारायची पद्धत असायला हवी. रेणू म्हणतात तसा वास शिकून जोडला जातो, तर तो दुःखाशीही तितकाच घट्ट जोडला जातो.

निरालंब

@सांजवेळ, तुमचं लिहिणं वाचून थांबलो. असा वास आला तर तो आला, आठवण आली, रडू आलं, हे सगळं पाहणं हेही ध्यानच असतं. पण ते दुसऱ्याने न विचारता आपल्यावर आणू नये.

मृद्गंधाताईंना एक विचारतो. मधूनमधून डबी न उघडता बसून पाहता का? बैठक तशीच होत असेल तर तेलाची गरज नाही. होत नसेल तर ते कुबडीच झालं. दोन्ही बाजूंनी उत्तर माझ्याकडेच येतं.

मृद्गंधा

बसते, प्रवासात नेहमीच. तेव्हा स्थिरावायला जास्त वेळ लागतो, पण बैठक होते. तुमचा पेच मला मान्य नाही, कारण त्यात फक्त 'अटळ' आणि 'निरुपयोगी' असे दोनच कप्पे आहेत. ठरलेली जागा, ठरलेली वेळ, घंटेचा नाद यांतलं काहीच अटळ नसतं, तरी त्यांचा उपयोग होतो. तुम्हीही रोज त्याच आसनावर बसत असाल ना?

शिवाय तुमच्यासारख्या मुरलेल्या साधकाला जे अनावश्यक, ते नुकतीच सुरुवात करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायला लावतं. मला त्या माणसाची जास्त काळजी आहे. पहिल्याच आठवड्यात 'मला जमत नाही' म्हणून सोडून देणारे फार असतात.

सामूहिक बैठकीबद्दल श्वासमोकळा यांचं म्हणणं मला पटतं. सगळ्यांच्या श्वासात काहीही सोडायचा हक्क कोणालाच नाही. ज्याला हवं त्याने खोलीबाहेर आपला बोळा हुंगावा, डबी बंद करावी आणि आत यावं.

देवराई

एक बाजू राहूनच गेली: हे सगळं येतं कुठून?

फ्रँकिन्सेन्सच्या झाडाची साल तासतात, त्या जखमेतून पांढरट चीक थेंबाथेंबाने बाहेर येतो, सुकून खडे होतात, ते खरवडून काढतात आणि काही दिवसांनी तीच जखम पुन्हा ताजी करतात. सालीला विश्रांती मिळाली तर झाड टिकतं. मागणी वाढली की जखमा वाढतात. इथिओपिया, इरिट्रिया, सुदानमधल्या बॉस्वेलिया पापिरिफेराच्या रानांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक ठिकाणी म्हातारी झाडं उभी आहेत आणि खाली रोपंच नाहीत. चराई, वणवे, जास्तीची चिरफाड. असंच चाललं तर 20 वर्षांत उत्पादन निम्म्यावर येईल, असा तो अंदाज आहे.

जटामांसीचं तर तेल जमिनीखालच्या कंदमुळांतून निघतं, म्हणजे रोप उपटल्याशिवाय थेंब मिळत नाही. हिमालयातली ही वनस्पती अतिसंकटग्रस्त यादीत आहे आणि तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या संकटग्रस्त वन्यजीव-वनस्पतींच्या व्यापारावरच्या कराराखाली नियंत्रित आहे. चंदनाचं तेल गाभ्यातून आणि मुळांतून येतं, त्यासाठी वर्षानुवर्षं वाढलेलं झाड मुळासकट जातं. एक किलो गुलाबतेलाला साधारण तीन ते चार टन पाकळ्या लागतात.

अहिंसा हा ध्यानाचा पाया मानणाऱ्याने हा हिशेब टाळू नये. निरालंब मनाच्या परावलंबनाबद्दल बोलताहेत, मी जंगलाच्या परवडीबद्दल. अर्धा तास डिफ्युझर चालवणाऱ्याने निदान लागवडीच्या झाडाचं तेल आहे का, एवढं विचारावं. ऑस्ट्रेलियात चंदनाची मोठी लागवड आहे, देवदार आणि वाळा यांचेही पर्याय आहेत.

सुगंधयात्री

देवराई, हे वाचून अस्वस्थ झाले. जटामांसी माझ्याकडे आहे. आता संपली की पुन्हा घेणार नाही. मेगाहर्ट्झबद्दल रेणू म्हणतात ते तपासून पाहीन. पण गंधाने मला जे दिलंय त्याला 'संकेत' एवढंच म्हणणं माझ्याच्याने होणार नाही. देवाला काही अर्पण करावं असं वाटणं ही माझ्यासाठी उपासनेची सुरुवात आहे आणि गंध हे माझं अर्पण आहे. तिथे उपयोग हा शब्दच मला परका वाटतो. मृद्गंधाताई तेल वापरतात मन बसावं म्हणून, मी वापरते कृतज्ञता म्हणून. या दोन्हींना एकच माप लावू नका.

पुन्हादरवळ

कोविडनंतर माझा वास पूर्ण गेला होता, म्हणून या चर्चेत लिहितो. डॉक्टरांनी गंधाचा सराव करायला सांगितला: गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी या चार तेलांचा, दिवसातून दोनदा. ही पद्धत जर्मनीतल्या थॉमस हुमेल आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये 12 आठवडे लोकांकडून करून घेऊन मांडली होती.

बाटली नाकाशी धरायची, डोळे मिटायचे, आणि काहीच येत नसताना पूर्ण लक्ष तिथे ठेवायचं. लवंगेच्या जागी नुसती गार हवा. पुन्हा लक्ष, पुन्हा गार हवा. सुरुवातीला प्रचंड चिडचिड व्हायची. मग हळूहळू अपेक्षाच गळून पडली आणि फक्त पाहणं उरलं: श्वास आत येतोय, नाकपुडीची कड गार होतेय, बस. एके दिवशी लवंगेच्या बाटलीतून काहीतरी तिखट, धुरकट, अर्धवट आलं. लवंग म्हणून ओळखताही येईना. तो वास आधीचा नाहीच, अजूनही नाही.

निरालंब, याला तुम्ही कुबडी म्हणाल का? मी वर्षानुवर्षं श्वासाचं ध्यान करतोय, पण इतकं निखळ लक्ष मला तिथे कधी साधलं नव्हतं.

निरालंब

नाही म्हणणार. तुमच्यापाशी गंध हा ध्यानाचा विषय होता. बाटलीतून काही मिळावं ही अपेक्षाही गळाली, लक्ष तेवढं राहिलं. श्वास, नाद, दिव्याची ज्योत यांच्यावर धारणा करतात तशी ही गंधावरची धारणा, आणि त्याला माझा काही विरोध नाही. माझा विरोध गंधाचा पडदा मागे सोडून त्याच्यापुढे बसण्याला आहे. तिथे वासाकडे कोणाचंच लक्ष नसतं आणि काम त्याने करावं अशी अपेक्षा असते. मृद्गंधाताईंची पद्धत या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी येते. दोन-तीन श्वास त्या खरोखर वासाकडे लक्ष देतात, तेवढं मी मान्य करतो. पुढे डबी बंद केल्यावर जे होतं ते त्यांचं स्वतःचं आहे, तेलाचं श्रेय तिथे संपतं.

मृद्गंधा

श्रेय तिथे संपतं, हे मी आनंदाने लिहून देते. पुन्हादरवळ यांचा अनुभव वाचून मी आता वेगळा प्रयोग करणार आहे: वास विरत जातो तो नेमका कधी जाणवेनासा होतो, तिथपर्यंत लक्ष नेऊन पाहायचं. रेणू म्हणतात तो नाक सरावण्याचा गुण इथे कामी येईल असं वाटतंय.

श्वासमोकळा

चर्चा चांगली झाली, पण एक व्यवहाराचं सांगून ठेवतो. जे कोणी गट चालवतात त्यांनी 'बैठकीच्या खोलीत कुठलाही सुगंध नसेल, अंगाला लावूनही येऊ नये' हे निरोपातच आधी लिहावं. आत आल्यावर 'कोणाला त्रास आहे का?' असं सगळ्यांसमोर विचारलं तर माझ्यासारखा माणूस हात वर करत नाही. सगळ्यांना आवडलेली गोष्ट आपल्यामुळे बंद पडणार, हे ओझं घेऊन ध्यानाला बसता येत नाही. आणि ज्याला पहिल्यांदाच यायचंय त्याला तर फोन करून विचारायचाही संकोच वाटतो. तो येतच नाही, आणि तो का आला नाही हे गटाला कधी कळतही नाही.